पायाला पॅड बांधले म्हणून प्रेक्षक हसले, आज त्याशिवाय एकही कॅचर मैदानात उतरत नाही!

क्रिकेटमध्ये पॅड न बांधता स्टंपमागे उभा राहिलेला विकेटकीपर तुम्ही कधी पाहिलाय का? बेसबॉलमध्ये मात्र एकेकाळी पायाला पॅड बांधणाऱ्या खेळाडूची टिंगल झाली होती. त्याचं नाव रॉजर ब्रेस्नाहन.

१८७९ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात जन्मलेला रॉजर सुरुवातीला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता. पुढे न्यूयॉर्क जायंट्स संघात तो कॅचर म्हणून स्थिरावला. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये क्रिस्टी मॅथ्यूसन या पिचरने तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू दिली नाही. या तिन्ही सामन्यांत त्याचे चेंडू झेलायला रॉजरच होता. जायंट्सने ती सिरीज जिंकली.

आता कॅचरचं काम नेमकं काय? बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरचे वेगवान चेंडू झेलायचे. बॅटला निसटता लागलेला चेंडू कुठे वळेल याचा नेम नसतो. त्या काळी कॅचरकडे जाळीचा मुखवटा, छातीचं कवच आणि जाड ग्लोव्ह असायचा. गुडघ्याखाली मात्र दिसायचे ते फक्त मोजे! काही जण मोज्यांच्या आत गुपचूप काहीतरी बांधायचे, कारण उघडपणे बांधलं तर लोक भित्रा म्हणतील.

११ एप्रिल १९०७ ला सीझनच्या पहिल्याच सामन्यात रॉजर क्रिकेटच्या पॅडसारखे शिनगार्ड बांधून सर्वांसमोर आला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पिट्सबर्ग संघाने तर यावर आक्षेपही घेतला, पण तो फेटाळला गेला.

पण खरा धोका पुढेच होता. त्याच वर्षी जूनमध्ये बॅटिंग करताना चेंडू थेट त्याच्या डोक्यावर आदळला. अवस्था इतकी गंभीर होती की धर्मगुरूंनी मृत्यूपूर्वीचे विधीही उरकले. रॉजर वाचला. परतल्यावर त्याने डोक्यासाठी हवा भरून फुगवायचं चामडी कवच वापरून पाहिलं.

शिनगार्ड काही वर्षांतच सगळ्यांनी स्वीकारले, पण डोक्याचं कवच कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९२० मध्ये रे चॅपमन या खेळाडूचा डोक्याला चेंडू लागून मृत्यू झाला. तरीही मेजर लीगमध्ये बॅटरसाठी हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७१ साल उजाडलं!

रॉजरने पुढे सेंट लुईस कार्डिनल्स आणि शिकागो कब्ज या संघांचं मॅनेजरपदही सांभाळलं. डिसेंबर १९४४ मध्ये त्याचं निधन झालं आणि १९४५ मध्ये त्याला बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं.

'हेल्मेट काय घालायचं, जवळच तर जायचंय' असं म्हणणारा एखादा मित्र आपल्याकडेही असतोच. त्याला रॉजरचा हा किस्सा नक्की सांगा!