झोतापुरता रस्ता

बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथा घाटात रात्री आपल्याला दिव्यांच्या झोतापुरताच रस्ता दिसतो. पुढचे मन रंगवते. राज खोसला यांच्या ‘वो कौन थी?’ (१९६४) या चित्रपटाची सुरुवात आम्हांला म्हणूनच अभ्यासण्याजोगी वाटते. पावसाळी रात्र. पांढऱ्या साडीतली अनोळखी स्त्री डॉक्टरच्या मोटारीत बसते आणि काचेवरचे वायपर थांबतात. त्याला रस्ता दिसत नाही. तिला मात्र दिसतो! प्रेक्षकालाही डॉक्टरइतकेच कळते. माहिती अपुरी असली की मेंदू अंदाज बांधतो; तो खरा-खोटा ठरेपर्यंत ताण टिकतो. शेवटी भूत नव्हे, माणसाचेच कारस्थान निघते. हा प्रसंग वर्गात एकदा आवाजासह, एकदा आवाजाविना दाखवा. भीती कुठे कमी झाली, हे मुलांनाच शोधू द्या. घाटातल्या भुतांचाही उलगडा तिथूनच सुरू होईल.