दोन पेरांचा मासा आणि हृदयाची डागडुजी

झेब्राफिश या छोट्या माशाला आधी भुलीच्या पाण्यात सोडतात. कल्ल्यांची हालचाल मंदावली, की ओल्या स्पंजच्या खाचेत त्याला पोट वर करून बसवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली छातीला बारीक छेद द्यायचा. लाल ठिपक्याएवढं हृदय धडधडताना दिसतं. त्याच्या निलयाचं, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचं, टोक कात्रीने कापायचं. रक्त येतं, पण लवकरच गोठतं, आणि मासा पुन्हा पोहू लागतो.

संशोधक केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की निलयाचा वीस टक्के भाग कापला तरी झेब्राफिश दोन महिन्यांत तो पुन्हा वाढवतो. माणसाला हे जमत नाही. हार्ट अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी चिवट व्रण उरतो. तो भिंत फाटू देत नाही खरा, पण आकुंचनाच्या कामी येत नाही. पंचविशीतही आपल्या हृदयाच्या जेमतेम एक टक्का स्नायूपेशी वर्षाकाठी नव्याने येतात.

माशाच्या नव्या पेशी येतात कुठून? संशय होता मूलपेशींवर. पण २०१० मध्ये पेशींना रंगाची खूण लावून माग काढला, तेव्हा उलगडलं, की जुन्याच स्नायूपेशी आकुंचनाची यंत्रणा थोडी मोडून विभागू लागतात.

कात्रीची जखम म्हणजे हार्ट अटॅक नव्हे, हा आक्षेप मात्र रास्त होता. म्हणून पुढे अतिथंड सळई टेकवून ऊती मारायची पद्धत आली. त्यात मेलेला भाग जागीच राहतो, आपल्यासारखाच व्रण धरतो, आणि काही महिन्यांत तो व्रण बराचसा विरतो. मला हे कापलेलं टोक वाढण्याहून नवलाचं वाटतं.

मासा तसा आपल्याकडचाच, उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत सापडणारा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्या हृदयावर काम चालतं. अर्थात त्याच्या हृदयाला कप्पे दोनच, आपल्याला चार. चार कप्प्यांचा उंदीर आपल्याला अधिक जवळचा. एक दिवसाच्या पिल्लाचं हृदय कापलं तर तेही भरून येतं, असं २०११ मध्ये दिसलं. आठवड्याभरात ही क्षमता संपते. ती का संपते, याचा शोध चालू आहे.

त्यातून माणसासाठी औषध अजून निघालेलं नाही. तेव्हा छातीत दुखू लागलं, तर ‘गॅस असेल’ म्हणत घरी बसू नका. गेलेला स्नायू परत येत नाही.