ग्रॅनाइटची झिलई कोठें असावी, कोठें नसावी

पाट्याला टाकी लावून देणारीची आरोळी ज्यांनीं ऐकली आहे, त्या वाचकांस दगडाच्या पृष्ठभागाचें महत्त्व निराळें पटवून देण्याचें कारण नाहीं. पाटा झिजून गुळगुळीत झाला कीं त्यावर चटणी वाटली जात नाहीं, वरवंटा नुसता घसरतो. मग टाकीच्या घावांनीं त्यास पुन्हां खरबरीतपणा आणावा लागतो. परंतु हेंच घरगुती शहाणपण ग्रॅनाइटच्या दुकानांत शिरतांना आम्ही बाहेर ठेवून जातों. तेथें भिंतीशीं लाद्या उभ्या असतात, वरून दिव्यांचा झोत असतो, आणि जी लादी आरशासारखी चकाकते तीच ओट्यास, तीच जिन्यास व तीच न्हाणीघरास घेऊन गृहस्थ मोकळा होतो. रंगासाठीं चार दुकानें हिंडणारा पृष्ठभागाविषयीं चार शब्दही विचारीत नाहीं.

ग्रॅनाइट हें नांव लॅटिन भाषेंतील 'दाणा' या अर्थाच्या शब्दापासून निघालें आहे. आपला 'जीर्ण' शब्दही भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळांतला मानतात. असो. नांव अन्वर्थक आहे खरें. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा झपाट्यानें थिजून झालेला, म्हणून बारीक पोताचा. ग्रॅनाइट भूगर्भांत खोलवर फार सावकाश थिजला, म्हणून त्यांतील क्वार्ट्झ, फेल्डस्पार व अभ्रक यांचे दाणे डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. दहापैकीं सहा-सात इतकें त्याचें काठिण्य, तर संगमरवराचें सुमारें तीन. त्याची झिलई हा वरून दिलेला लेप नव्हे. हिऱ्याचे कण बसविलेल्या चकत्यांनीं, आधीं जाड व मग उत्तरोत्तर बारीक, असें घासत गेलें म्हणजे दगडच चकाकूं लागतो. घासणें मध्येंच थांबविलें तर श्लक्ष्ण परंतु निस्तेज असा पृष्ठभाग मिळतो. बाजारांत त्यास 'होन' म्हणतात. हिऱ्याच्या कणांच्या कुंच्यांनीं घासून जो किंचित् उंचसखल व मऊ तजेल्याचा करतात, तो 'लेदर'.

स्वयंपाकाच्या ओट्यापुरतें आमचें मत स्पष्ट आहे : तेथें पूर्ण झिलईच असावी. लिंबू, चिंच, ताक यांनीं ग्रॅनाइटला डाग खाल्ल्यासारखें होत नाहीं. पूर्वींच्या ओट्यांचा कडप्पा किंवा शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड. त्यांवर लिंबाची फोड तासभर विसरली तर पांढरट खूण कायमची राही. होन केलेला काळा दगड करडा दिसतो आणि फिकट रंगाचा असेल तर तेल व हळद अधिक लौकर पितो. लेदरवर बोटांचे ठसे व पाण्याचे ओघळ दिसत नाहींत, हा गुण खरा. पण जेथें दोन वेळां परातभर कणीक मळली जाते तेथें त्या बारीक खळग्यांतून पीठ काढीत बसण्याचें काम ज्यांच्या वांट्याला येतें, त्यांना विचारल्यावांचून पुरुषमंडळींनीं तो घेऊं नये.

पायाखालचा प्रश्न मात्र निराळा, आणि आमच्या मतें हाच खरा महत्त्वाचा. कोरड्या दिवाणखान्यांत झिलई शोभते. तीच लादी न्हाणीघरांत घातली कीं साबणाच्या पाण्याचा पातळ पदर पाऊल व दगड यांच्यामध्यें राहतो, आणि त्या पदराला फोडणारा एकही खरखरीत कण तेथें नसतो. तरुण माणूस तोल सांवरतो. पहांटे काळोखांत उठणाऱ्या आजींना तें साधत नाहीं. उतारवयांत खुब्याचें हाड मोडणें म्हणजे केवळ महिना-दोन महिन्यांचें अंथरूण नव्हे; कित्येकांचें चालणें पुन्हां पूर्ववत् होतच नाहीं. ज्या घरांत सत्तरी उलटलेलें एक तरी माणूस आहे, तेथें न्हाणीघर, मोरी, मागील दार व उघड्या पायऱ्या यांस झिलईचा दगड वापरणें हा आम्हांस अविचार वाटतो, मग तो कितीही सुंदर असो.

अशा जागीं 'फ्लेम' केलेला दगड घ्यावा. त्याच्या पृष्ठावरून तीव्र ज्वाला फिरवितात. क्वार्ट्झ तापला कीं फुगतो, 573 अंशांवर त्याची घडणच पालटते, आणि वरचे दाणे तडतडून उडतात. जो खरखरीतपणा उरतो तो भिजला तरी पाय धरून ठेवतो. परंतु येथें एक मेख आहे. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो विकला जातो तो शास्त्रदृष्ट्या बहुधा ग्रॅनाइट नसतोच. चामराजनगरचा काळा दगड डोलेराइट, तर आंध्रांतील चीमकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा 'गॅलॅक्सी' गॅब्रोच्या जातीचा. त्यांत क्वार्ट्झ नाममात्र, म्हणून ज्वालेचा परिणाम मनासारखा होत नाहीं आणि काळेपणही जातें. पायाखालीं ज्वाला दिलेला दगड हवा असेल तर राखी किंवा तांबूस दाणेदार जातच निवडावी. शिवाय लादी पाऊण इंचाहून पातळ नसावी, नाहींतर ज्वालेनें तडकते. काळाच हवा असेल तर त्यास यंत्राची टाकी मारून घ्यावी.

जिन्याच्या पायऱ्या चकाकत्या हव्याच असतील तर निदान कडेशीं दोन-तीन खांचा पाडून घ्याव्यात. दाराशीं जेथें रांगोळी काढावयाची तेथें होन पृष्ठ बरें. झिलईवर रांगोळी ठरत नाहीं, वाऱ्याच्या झुळकीसरशी सरकते.

विकत घेण्यापूर्वीं तुकडा घरीं आणून त्यावर पाणी शिंपडावें व पाव तास थांबावें. दगड काळवंडला तर तो पाणी पितो असें समजून सीलर लावून घ्यावा. फार गडद काळ्यावर ॲसिटोन लावलेलें पांढरें फडकें घासून पाहावें. फडकें काळें झालें तर रंग चढविलेला आहे. पुसण्यास साधा सौम्य साबण पुरे. गंज काढण्याच्या कांहीं औषधांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतें, तें क्वार्ट्झलाही खातें व माणसालाही अत्यंत घातक; तें घरांत आणूंच नये.

ज्यांच्या न्हाणीघरांत चकाकती लादी आधींच बसली आहे, त्यांनीं ती उखडण्याची गरज नाहीं. बसलेल्या दगडावरही हातयंत्रानें टाकी मारतां येते. धूळ पुष्कळ होते, तेव्हां दारें लावून घ्यावींत आणि तो दिवस वडील मंडळींस दुसऱ्या घरीं पाठवावें.