नव्या टाकीला इस्ताव्याचा कौल

सिडकोतील एका वाचक भगिनींनी पृच्छा केली आहे की, मुलांच्या हट्टाखातर घरी आणलेल्या 50 लिटरच्या काचेच्या टाकीत पाणी नितळ असताना, हवेचा पंप अहोरात्र चालू असताना आणि दुकानातून आणतेवेळी मासे पूर्ण धडधाकट असताना, आठवडा उलटतो न उलटतो तोच ते पृष्ठभागाशी येऊन तोंडे का वासू लागले; आणि घाबरून सारे पाणी बदलले, खडे व फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला, तरीही उरलेले का दगावले? दोष शहराच्या पाण्याचा की दुकानदाराचा, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. आमच्या मते दोष या दोहोंहून अधिक त्या स्वच्छतेचाच आहे. आणि हे विधान वरकरणी विपरीत वाटले तरी त्यामागे दीडशे वर्षांचा मोठा रसाळ इतिहास उभा आहे.

मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ मुख्यत्वेकरून कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपाने, पाण्यात सोडतो. ज्या काळी डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येऊन पाणचक्कीच्या हौदातून अखंड पुढे वाहत असे, त्या काळी तेथील माशांना या मळाची क्षिती बाळगण्याचे कारण नव्हते. काचेच्या टाकीच्या खात्यावर मात्र नुसती जमा आहे, खर्च नाही. शिवाय हा अमोनिया रंगहीन, आणि टाकीत असतो तितका विरल असता गंधहीनही; त्यामुळे पाण्याचा नितळपणा हा त्याच्या आरोग्याचा दाखला मानता येत नाही. त्याचे विषारीपण ठरते ते पाण्याच्या सामूवर. 25 अंश सेल्सिअस तापमानाला सामू 7 असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त, म्हणजे घातक, स्वरूपात राहतो. सामू 8 झाला की तोच हिस्सा सुमारे 5 टक्के होतो, आणि साडेआठ झाला की 15 टक्के. आपल्याकडील बेसाल्टच्या खडकातून उपसलेले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, आणि वैशाखात टाकीचे तापमानही चढते. म्हणजे मृदू पाण्याच्या प्रदेशात जी चूक माशांना केवळ मलूल करील, तीच येथे त्यांच्या प्राणावर बेतते.

या अमोनियाची विल्हेवाट लावणारे सूक्ष्म जीव खडे, काच आणि स्पंज यांना चिकटून राहतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे पुष्कळ निरुपद्रवी असे नायट्रेट. मधला मुक्काम मात्र मोठा दगलबाज आहे. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास नालायक करून टाकते, रक्त तपकिरी पडते, आणि पाण्यात पंपाने कितीही हवा खेळवली तरी मासा गुदमरतोच. पृष्ठभागाशी तोंड वासणारा मासा दिसला की आपण पंपाकडे संशयाने पाहतो. पुष्कळदा खरा अपराधी हे नायट्राइटच असते.

येथे एका पितापुत्रांची हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने 1849 साली सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि आजही आपल्याकडील दुकानांत मिळणारी व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजून पाणी गढुळू लागले, तेव्हा ती खाण्यासाठी त्याने तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या, आणि पाणी न बदलता मासे जगू शकतात हे 1850 मध्ये विद्वानांच्या निदर्शनास आणून दिले. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, प्राण्याने कर्बवायू द्यावा, अशा समतोलावर त्याची भिस्त होती. अमोनियाचे पुढे काय होते आणि ते कोण करते, हे मात्र तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. जमिनीत शोरा, म्हणजे एक नायट्रेटच, कसा तयार होतो याचा खुलासा रसायनज्ञ केवळ हवेच्या क्रियेवर सोपवून मोकळे होत.

1877 साली पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी थेंबथेंब पाझरू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही, आणि मग अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट उतरू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम थांबले. वाफ काढून मातीचे धुवण घातले, तेव्हा ते पुनश्च सुरू झाले. अर्थात कर्ता निर्जीव हवा नव्हे, कोणी सजीव आहे. ही वार्ता वाचून ज्याने इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत त्या प्रयोगांची शहानिशा केली, या जीवांना प्रकाश मानवत नाही हे दाखवले, आणि अमोनिया ते नायट्राइट हे एकाचे काम, नायट्राइट ते नायट्रेट हे दुसऱ्याचे, असा निर्णय वर्षानुवर्षे खपून दिला, तो संशोधक म्हणजे त्याच वॉरिंग्टनचा त्याच नावाचा पुत्र! बापाने टाकी मांडली तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा होता. त्याला त्या जीवांचे शुद्ध बीज मात्र वेगळे काढता आले नाही, कारण जिलेटिनसारख्या सेंद्रिय खाद्यावर ते वाढेनात. 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये विनोग्राड्स्कीने ते साधले, आणि पाठ्यपुस्तकांतील सारे मानपत्र त्याच्या पदरी पडले. विनोग्राड्स्कीची थोरवी निर्विवाद आहे. तथापि मत्स्यपालनावरील पुस्तकांत बापाचा गौरवाने उल्लेख व्हावा, आणि ज्याच्या शोधावाचून बापाच्या टाकीचे मर्म कधीच कळले नसते त्या मुलाचा नामनिर्देशही नसावा, हा न्याय आम्हांस मंजूर नाही.

वीस दिवसांचा तो खोळंबा हेच आमच्या वाचक भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर होय. आतड्यातला एखादा सामान्य जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियावर जगणाऱ्यांना त्यासाठी उत्तम स्थितीतही सात-आठ तास आणि बहुधा दिवसभर लागतो, कारण त्या अन्नातून मिळणारी ऊर्जाच तुटपुंजी. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीस आणताना रयतेला इस्ताव्याचा कौल देत: पहिल्या साली नाममात्र सारा, पुढे सालोसाल थोडा चढता, आणि जमीन पुरती कसली गेल्यावर मगच पूर्ण धारा. नवी टाकी याच रीतीने वसवावी लागते. जीवाणू ही तिची रयत, आणि माशांचा मळ हा त्या रयतेवर बसवलेला वसूल. पहिल्याच दिवशी बारा मासे सोडणे म्हणजे नांगरही न लागलेल्या माळावर पूर्ण धाऱ्याची जप्ती पाठवणे; आणि स्पंज नळाखाली धुणे म्हणजे नुकती वसलेली रयत परागंदा करणे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन याच जीवांचा काळ आहे.

हा विलंब टाळण्यासाठी दुकानात ‘जिवंत जीवाणू’ म्हणून बाटल्या विकल्या जातात. त्यांतल्या काही कामाच्या असतीलही. परंतु नायट्राइटचे काम टाकीत नायट्रोबॅक्टर करतो असे गृहीत धरून वर्षानुवर्षे व्यापार चालला असता, 1998 मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तेथे आढळला तो नायट्रोस्पायरा. पुढे 2011 मध्ये कॅनडातील संशोधकांना असे दिसले की, तपासलेल्या बहुतेक गोड्या पाण्याच्या फिल्टरांत अमोनियावर उपजीविका करणाऱ्यांत जीवाणूंपेक्षा आर्किया या निराळ्या सूक्ष्म जीवांचाच भरणा अधिक आहे. आणि 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारा नायट्रोस्पायरा सापडला, तोही एका मत्स्यपालन यंत्रणेच्या फिल्टरातून, म्हणजे थोरल्या नियमाला धाकटा अपवाद निघाला. टाकीत नांदते कोण याचाच निकाल जर इतक्यांदा फिरतो, तर बाटलीवरील छापील हमीवर कितपत विसंबावे, हे सुज्ञास सांगणे न लगे.

आता आपल्या शहरापुरते. पैठणच्या नाथसागरातून येणारे नळाचे पाणी कित्येक वस्त्यांत काही दिवसांच्या अंतराने मिळते, आणि ते साठवावेच लागते. उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की त्यातील क्लोरीन उडून जातो, म्हणजे टंचाईने लावलेली ही सवय माशांच्या पथ्यावरच पडते. काही जण सद्भावनेने टाकीत निव्वळ आरओचे पाणी भरतात, ते टाळावे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राची विल्हेवाट लागताना सुमारे सात मिलिग्रॅम अल्कता खर्ची पडते, आणि आरओच्या पाण्यात ती नसल्यातच जमा असल्याने सामू कोसळून जीवाणूंचे कामच बंद पडते. ज्या जड पाण्याने अमोनिया अधिक घातक होतो, त्याच पाण्यात त्याचा निकाल लावणाऱ्यांची शिदोरीही असते, तेव्हा त्यास सर्वस्वी दूषण देऊ नये.

मासे आणण्यापूर्वीच ही वसाहत उभारता येते. कल्हईवाला वापरतो तोच नवसागर, परंतु शुद्ध प्रतीचा, 50 लिटर पाण्यात सुमारे तिसरा हिस्सा ग्रॅम टाकला, की लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया होतो. फिल्टर अहोरात्र चालू ठेवावा. वीज दीर्घकाळ गेली तर स्पंजातील जीवही प्राणवायूवाचून मरू लागतात, हे ध्यानात असावे. चार ते सहा आठवड्यांत अशी वेळ येते की टाकलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होतो आणि नायट्राइटही उरत नाही. तपासणीच्या संचात दोन्ही शून्य दिसली, की बरेचसे पाणी बदलून नायट्रेट उतरवावे आणि मग दोन-तीनच मासे सोडावेत. पुढे आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, सारे कधीच बदलू नये, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. ज्यांच्याने इतका धीर धरवत नसेल, त्यांनी कोणा परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळकट स्पंज मागून आणावा आणि आपल्या फिल्टरात बसवावा. त्यास पैसे पडत नाहीत, आणि बहुधा त्यामुळेच त्याची जाहिरात कोणी करीत नाही.