श्रीरामपूरचा झहीर, वूस्टरशरचा मोसम

फुटबॉलपटू परदेशी क्लबकडे जातो तो बहुधा नाव झाल्यावर. श्रीरामपूरचा झहीर खान २००६ मध्ये वूस्टरशर काउंटीकडे गेला तो भारतीय संघातली जागा गमावून. काउंटीत परदेशी खेळाडू शोभेचा नसतो; चार-चार दिवसांच्या सामन्यांत त्याच्याकडून षटके वसूल केली जातात. पदार्पणातच त्याने दहा बळी घेतले. या काउंटीसाठी असे शंभराहून अधिक वर्षांत घडले नव्हते. एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत नऊ; एक झेल सुटला नसता तर दहाही. मोसमाअखेर प्रथम श्रेणीत ७८ बळी.

मला आकड्यांहून मोलाचे वाटते ते वेगळेच. त्याने धाव आखूड केली, वेगापेक्षा ताब्यावर भर दिला. (वेगाच्या मोहातल्या आपल्या प्रेक्षकांना हे फारसे रुचले नसावे.) वर्षअखेरीस दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर तो भारतीय संघात परतला आणि २००७ मध्ये नॉटिंगहॅम कसोटीत नऊ बळी घेऊन सामनावीर ठरला.

पुढे २०१९ मध्ये, विश्वचषकाच्या संघात जागा न मिळालेल्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेनेही हीच वाट धरली. हॅम्पशरकडून पहिल्याच सामन्यात त्याने शतक केले.