न्यूझीलंडच्या प्रवासाची आखणी

न्यूझीलंडला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबाच्या मनात प्रथम येते ती मे महिन्याची सुटी. परंतु तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस. इकडे आंब्याचा हंगाम भरात असतो तेव्हा तिकडे हिवाळ्याची चाहूल लागते. दिवाळीच्या सुटीत मात्र तेथे वसंत असतो.

दुसरी फसगत नकाशा करतो. महाराष्ट्राहूनही थोडा लहान असा हा देश आठवड्यात पाहून होईल असे वाटते; पण दोन मुख्य बेटांमधील कुकची सामुद्रधुनी ओलांडण्यासच बोटीला सुमारे साडेतीन तास लागतात. त्यापेक्षा एकच बेट, बहुधा दक्षिणेचे, निवांतपणे पाहावे. तेथील मिलफर्ड साउंड ही उभ्या कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. टे आनाऊ गावाहून तेथवरचा सुमारे १२० किलोमीटरांचा रस्ता १९५४ साली खुल्या झालेल्या होमर बोगद्यातून जातो. हिवाळ्यात हिमलोटांच्या भीतीने तो कित्येकदा बंद ठेवावा लागतो. शिवाय खाडीवर वर्षाकाठी ६,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस! म्हणून टे आनाऊला एक दिवस मोकळा राखावा. ती चैन नव्हे. अर्थात पावसाने हिरमुसण्याचेही कारण नाही, कारण त्या कड्यांवरून असंख्य धबधबे कोसळू लागतात ते नेमके तेव्हाच.