माळवं जगतं, फळ धरत नाही

तेलगावच्या चौकातून चार वाटा फुटतात. एक माजलगावला, एक धारूरला, एक परळीला आणि एक वडवणीवरून बीडला. साखर कारखान्याचं गाव, त्यामुळे भोवताली ऊस. त्या उसातच विहिरीच्या कडेला कुठं पाच, कुठं दहा गुंठ्यांचा माळव्याचा तुकडा असतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना तो तुकडा हिरवा राखणं फारसं अवघड नाही. पाणी असलं की झाड तग धरतं. कस लागतो तो त्याला फळ धरायला लावण्यात.

टोमॅटोचंच बघा. झाड हिरवंगार, फुलंही येतात आणि देठातून गळून पडतात. दिवसा ३५ अंशांच्या वर ऊन आणि रात्रीही पारा २४-२५ च्या खाली उतरेना, की फुलातले परागकण निकामी होतात. मग माणूस पाणी वाढवतो, खत टाकतो, दुकानदारानं हातात ठेवलेलं टॉनिक फवारतो. रात्र गार होत नाही तोवर यातल्या कशाचाही उपयोग नसतो. आमच्या काकू म्हणूनच उन्हाळ्यात टोमॅटोच्या नादी लागत नाहीत. त्यांची भिस्त भेंडी, गवार, दोडका आणि कारल्यावर. भेंडीत ‘परभणी क्रांती’ हे नाव या भागात जुनं, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण. केवडा रोगाला दाद न देणारं म्हणून ते गाजलं. आता संकरित बियाण्यांच्या पाकिटांनी त्याची जागा घेतली आहे.

दुपारी या तुकड्यात गेलं की दोडक्याची पानं माना टाकून लोंबत असतात. नवखा माणूस लगेच मोटर सुरू करायला धावतो. काकू त्याला थांबवतात. ‘आत्ता नगं बगू. सकाळी बग. सकाळी बी पान पडलेलं असलं, तर पानी दे.’ वेलवर्गाचं रुंद पान भर दुपारी मुळं पुरवतील त्याहून जास्त पाणी उडवतं, म्हणून ते मलूल होतं. ऊन कललं की आपोआप उभं राहतं. दुपारीच पाणी सोडलं तर उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. शिवाय काळ्या जमिनीत पाणी तुंबून राहिलं की मुळ्या गुदमरतात. काकू बुडापासून वीतभर लांब बोटभर उकरतात, माती मुठीत दाबतात. लाडू वळून फुटला तर वाफसा आहे, चिकटून राहिला तर अजून दम धरायचा. सगळं पाणी पहाटे किंवा रात्री. विजेची पाळीही बहुधा रात्रीचीच पडते, तेव्हा इथं शास्त्र आणि महावितरण यांचं एकमत आहे.

या भागात खरी चैन आहे ती पाचटाची. उसाचा हंगाम संपला की फडातलं पाचट पेटवून देतात, आणि शेजारीच माळव्याची जमीन उघडी पडून भेगाळत असते. गुढीपाडव्याच्या आसपास धारूर-वडवणीकडची ऊसतोड कुटुंबं परततात. पाचटात सहा महिने काढलेल्या बायकांना ते माळव्यात कसं पसरावं हे सांगावं लागत नाही. चार बोटं जाड थर, खोडापासून मात्र वीतभर लांब, नाहीतर बुडाशी वाळवी लागते. त्याखाली हात घातला तर भर दुपारीही माती ओली लागते. काळ्या प्लास्टिकच्या कागदानं ओल टिकते, पण उन्हाळ्यात तो स्वतःच तापतो. कागदच हवा असेल तर चंदेरी बाजू वर करून अंथरावा.

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, कारल्याचं सकाळी. दोडका भरपूर फुलतो आणि फळ धरत नाही, तेव्हा बहुतेक सारी फुलं नरच असतात. उष्णता वाढली की वेल नरफुलं जास्त काढतो. मादीफुलाच्या मागं बारीक दोडका असतो, तो नीट बघायचा. मधमाश्या फिरकत नसतील तर दिवेलागणीला नरफूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या आणि मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचं. पंधरा-वीस वेलांना हे सहज जमतं, एकरभर असेल तर नाही. औषध फवारायचंच झालं तर दोडक्यावर त्या वेळेला मुळीच नाही.

वेलांच्या मांडवाखालच्या सावलीत काकू कोथिंबीर घेतात, कारण लगीनसराईत जुडीला भाव असतो. धने रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, पेरून गोणपाट अंथरायचं आणि ते ओलं ठेवायचं. कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पिवळे पडून लोळतात.

भेंडी दिवसाआड तोडलीच पाहिजे. एखादी जून झाली की झाडाचा जीव तिच्या बियांत जातो आणि पुढची फुलं मंदावतात. खाज सुटते म्हणून तोडणारी बाई पूर्ण बाह्यांचा पुरुषी सदरा घालते. भेंडीवरचा लाल कोळी मात्र कोरड्या उन्हातच फोफावतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळं दिसलं की पान काढून जाळून टाकायचं आणि ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी पानाखालून मारायचा.

एवढं सांभाळून मे सरतो आणि वळीव येतो. वाऱ्याच्या एका फटक्यात मांडव आडवा होतो. म्हणून डांबांचे ताण एप्रिलमध्येच आवळायचे, वाऱ्याच्या अंगाला दुहेरी, आणि तार सैल पडली का हे दर तोडणीला हातानं ओढून बघायचं.